एका सालाचं प्रदर्शन कसं उभारावं: १८९६ हाताशी घेऊन

वाचनालयाचा वर्धापनदिन, शाळेचा महोत्सव, गणपतीचा मंडप, निमित्त कोणतंही असो, ‘अमुक साली जगात आणि मुंबईत काय घडलं’ हे प्रदर्शन लोकांना आवडतं. पण बहुतेक ठिकाणी होतं असं की एक लांबलचक यादी उतरवून घेतली जाते, ती बारा फलकांवर वाटून टाकली जाते आणि बघणारा दुसऱ्या फलकापासूनच नुसती चित्रं बघत पुढे सरकतो. प्रत्येक ओळ खरी असूनही असं होतं, कारण त्या ओळींना एकत्र बांधणारं काहीच नसतं. साल म्हणजे त्या बारा महिन्यांत जगलेल्या माणसांचा अनुभव. त्यांना काय दिसलं, काय कळलं, काय कळायचं राहिलं, हे दाखवता आलं तरच प्रदर्शन उभं राहतं. ते कसं करायचं हे इथे १८९६ या सालावर काम करत दाखवलं आहे. तुमचं साल वेगळं असलं तरी पद्धत हीच.

साल निवडताना तीन गोष्टी तपासा. त्या साली शहरात घडलेल्या किमान तीन घटना अशा हव्यात की त्यांची जागा आजही बोट दाखवून सांगता येते. जगातला एखादा शोध त्याच साली मुंबईत पोचलेला हवा. आणि वर्षाच्या पोटात काही वळण हवं, म्हणजे जानेवारीची मुंबई आणि डिसेंबरची मुंबई एकसारखी नको. १८५३ घ्यायचा मोह होतो, पण १६ एप्रिलची बोरीबंदर-ठाणे आगगाडी बाकी सगळं गिळून टाकते. १८८५ चांगलं आहे, मात्र काँग्रेसचं पहिलं अधिवेशन गोवालिया टँकच्या तेजपाल संस्कृत पाठशाळेत भरलं ते २८ डिसेंबरला, म्हणजे मुंबईची मोठी घटना वर्षाच्या अगदी शेपटाला येते. १८९६ मध्ये जुलैत सिनेमा येतो, सप्टेंबरात प्लेग जाहीर होतो, त्याच आठवड्यात मोहनदास गांधी धोबीतलावला बोलतात. असं साल सहसा मिळत नाही.

निवडलं की लगेच संगणकावर बसू नका. पाच इंच बाय तीन इंचाची साधी कार्डं आणा, शंभराचा एक गठ्ठा पुरतो. एका कार्डावर एकच घटना. वरच्या ओळीत तारीख आणि वार, खाली जागा, मग कोण आणि काय. मागच्या बाजूला ही माहिती कुठून घेतली ते, पान क्रमांकासकट. दुसरीकडे पडताळा मिळाला की कोपऱ्यात बरोबरची खूण करायची. एकच आधार असलेलं कार्ड गठ्ठ्यात राहू द्या, फलकावर मात्र जाऊ देऊ नका. दोन पुस्तकांत सारखं वाक्य सापडलं तर तो पडताळा धरू नका, एकाने दुसऱ्यावरून उतरवलेलं असतं. साठ-सत्तर कार्डं जमली की त्यातली वीस-पंचवीस टिकतात. हे प्रमाण योग्यच आहे.

तारखांकडे आता नीट बघू, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

वार काढायची सोपी युक्ती म्हणजे तशाच मांडणीचं अलीकडचं वर्ष शोधणं. १८९६ हे लीप वर्ष होतं आणि १ जानेवारीला बुधवार होता. २०२० चंही तसंच. म्हणून २०२० ची भिंतीवरची दिनदर्शिका घरात कुठे पडून असेल तर काढा, १८९६ चे सगळे वार त्यात जसेच्या तसे आहेत (तिथी मात्र घेऊ नका, त्या जुळत नाहीत). ७ जुलै मंगळवार, २३ सप्टेंबर बुधवार, २६ सप्टेंबर शनिवार. एखाद्या लेखात ‘रविवार, ७ जुलै १८९६’ असं दिसलं तर त्या लेखातली बाकीची माहितीही दोनदा तपासा.

जुन्या मराठी छापील मजकुरात शक असतो. गुढीपाडव्यानंतर इसवी सनातून ७८ वजा करायचे, पाडव्याआधी ७९. त्यामुळे १८९६ चा मोठा भाग शके १८१८ आणि सुरुवातीचे अडीचेक महिने शके १८१७. गुजराती कागदपत्रांत विक्रम संवत असतो आणि त्याचं वर्ष दिवाळीनंतर बदलतं, म्हणून १८९६ च्या दिवाळीपर्यंत संवत १९५२, पुढे १९५३. हिजरी १३१४ सुरू झालं जून १८९६ मध्ये. शक बघून सरळ ७८ मिळवून मोकळं झालं की माघ-फाल्गुनातली घटना वर्षभर मागे सरकते, आणि ती चूक मग पंचवीस वर्षं पुस्तकापुस्तकांतून फिरत राहते.

परदेशी तारखांचा घोळ वेगळा. ग्रीस आणि रशियात तेव्हा जुनी ज्युलियन दिनदर्शिका चालू होती आणि एकोणिसाव्या शतकात ती आपल्यापेक्षा १२ दिवस मागे होती. अथेन्सचं पहिलं आधुनिक ऑलिंपिक सुरू झालं ६ एप्रिल १८९६ ला, तिथल्या दिनदर्शिकेत तो २५ मार्च. मॉस्कोजवळच्या खोडिंका मैदानावर झार दुसऱ्या निकोलसच्या राज्याभिषेकानिमित्त जमलेल्या गर्दीत चेंगराचेंगरी झाली, ती १८ मे आणि ३० मे अशा दोन्ही तारखांनी छापलेली सापडेल. फलकावर एकच पद्धत ठेवा, आपली आजची. कार्डाच्या मागे दुसरीही नोंदवून ठेवा, कारण कोणीतरी ‘तुमची तारीख चुकली’ म्हणत येणारच.

घड्याळाची वेळ देणार असाल तर लक्षात असू द्या की भारतीय प्रमाणवेळ १९०६ पासूनची. १८९६ मध्ये मुंबई स्वतःच्या वेळेवर चालत होती, ती आजच्या प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे. रेल्वे मद्रास वेळेवर चाले, ती मुंबईच्या पुढे ३० मिनिटं. म्हणजे शहराच्या घड्याळात सहा वाजले की गाडीच्या वेळापत्रकात साडेसहा. हे एका छोट्या चौकटीत दोन घड्याळांच्या चित्रासह द्या. मुलं या फलकापाशी हमखास थांबतात.

शोधांची कार्डं करताना ‘अमक्याने तमक्या साली शोध लावला’ हे वाक्य वापरायचंच नाही असं ठरवून टाका. कोणत्याही शोधाला चार तारखा असतात: प्रयोगात तो पहिल्यांदा साधला ती, पेटंटसाठी अर्ज केला किंवा ते मंजूर झालं ती, लोकांपुढे आला ती, आणि आपल्या गावात पोचला ती. सिनेमॅटोग्राफ घ्या. ल्युमिएर बंधूंचं पेटंट १३ फेब्रुवारी १८९५ चं. निवडक मंडळींपुढे पहिला खेळ २२ मार्च १८९५. पॅरिसमध्ये तिकीट लावून पहिला खेळ २८ डिसेंबर १८९५. आणि मुंबईत काळा घोड्याच्या वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६. यातली शेवटची तारीख आपल्या सालाची, म्हणून फलकाचा मथळा ‘सिनेमाचा शोध’ असा नसावा, ‘सिनेमा मुंबईत आला’ असा असावा. तिकीट एक रुपया होतं. आठवड्याभरात खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले आणि पुढे दर चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत ठेवले गेले. या दरांवरून प्रेक्षक कसा बदलला ते दोन ओळींत सांगता येतं, आणि तोच खरा फलकाचा मजकूर. शेवटी सावेदादांचा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांचा धागा जोडा: खेळ पाहून त्यांनी विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली.

बाकीच्या शोधांनाही हीच चाळणी लावा. क्ष-किरण राँटगेनला दिसले ८ नोव्हेंबर १८९५ ला, निबंध दिला २८ डिसेंबरला, पण वर्तमानपत्रांतून जगभर बोभाटा झाला तो जानेवारी १८९६ मध्ये. तेव्हा हा विषय या सालात बसतो तो बातमी म्हणून. बेकरेलचं काम मात्र पूर्णपणे १८९६ चं: मार्चच्या सुरुवातीला त्याला युरेनियमच्या क्षारांतून आपोआप बाहेर पडणारे किरण आढळले. मार्कोनीने लंडनमध्ये बिनतारी संदेशाच्या पेटंटचा अर्ज केला २ जून १८९६ ला आणि पेटंट मंजूर झालं ते जुलै १८९७ मध्ये, म्हणून ‘१८९६ चं पेटंट’ असं मोघम लिहू नये. जगदीशचंद्र बोसांनी कलकत्त्यात बिनतारी लहरींचं जाहीर प्रात्यक्षिक केलं ते १८९५ चं. त्यांना मार्कोनीच्या फलकावर ‘आदल्या वर्षी’ असं स्पष्ट म्हणून जागा द्या, ओढूनताणून ९६ मध्ये आणू नका. हेन्री फोर्डची पहिली चारचाकी गाडी डेट्रॉइटच्या रस्त्यावर आली ४ जूनला. आल्फ्रेड नोबेल वारला १० डिसेंबरला. पहिली पारितोषिकं १९०१ ची, त्यामुळे ‘नोबेल विजेते’ ही पदवी या सालातल्या कोणाच्याही नावापुढे लावता येत नाही, राँटगेनच्याही नाही.

इथेच तळपद्यांच्या विमानाचा विषय हमखास निघतो. १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी विमान उडवलं अशी कथा मुंबईत अनेकांना प्रिय आहे. साल शेजारचंच असल्यामुळे मंडळातलं कोणीतरी आग्रह धरणार. नियम सगळ्यांना सारखा ठेवा: त्या काळच्या वर्तमानपत्राचा अंक किंवा सरकारी कागद प्रत्यक्ष समोर ठेवला तर फलक, नाहीतर नाही. उड्डाणाला त्याच चाळणीतून पार पडणारी दोन कार्डं १८९६ मध्ये आहेतच. ६ मे रोजी लँगलीचं वाफेवर चालणारं, बिनमाणसाचं विमान अमेरिकेत उडालं. आणि ऑगस्टमध्ये ओटो लिलिएंथाल हा जर्मन ग्लायडर उडवताना पडून दगावला.

राजकारणाच्या फलकात परदेशातल्या लढाया आणि निवडणुका भरायची सवय असते. ती आवरा. आदुवाच्या लढाईत १ मार्चला इथिओपियाने इटलीचा पराभव केला, २७ ऑगस्टला ब्रिटिश आरमाराने झांझिबारच्या सुलतानाचा राजवाडा पाऊण तासाच्या आत पाडून युद्ध संपवलं, ३० डिसेंबरला मनिलात होसे रिझालला गोळ्या घातल्या. एवढ्या तीन नोंदी एका पट्टीवर पुरेत. तिन्हींत वसाहतींची गोष्ट आहे, आणि पुढच्या फलकाकडे त्या आपोआप घेऊन जातात.

तो पुढचा फलक म्हणजे सप्टेंबरचा शेवटचा आठवडा. बुधवारी, २३ तारखेला, मांडवी भागातला आजार गाठीचा प्लेग आहे असं डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी निदान केलं. शनिवारी, २६ तारखेला, धोबीतलावच्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये फिरोजशहा मेहतांच्या अध्यक्षतेखाली गांधींची दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांच्या हालांवर सभा झाली. गांधींचा आवाज सभागृहात पोचेना, तेव्हा दिनशा वाच्छांनी भाषण वाचून दाखवलं. डॉ. व्हिएगस यांचा पुतळा आज धोबीतलावलाच, मेट्रो सिनेमासमोर उभा आहे. या दोन कार्डांना एकच फलक द्या, मध्ये धोबीतलावचा साधा हाताने काढलेला नकाशा ठेवा आणि दोन्ही जागांवर तांबडा ठिपका द्या. अख्ख्या प्रदर्शनात हा फलक सगळ्यात मोठा असला तरी चालेल. वर्षअखेरीस कलकत्त्याला भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष मुंबईचे वकील रहिमतुल्ला सयानी होते आणि त्याच अधिवेशनात रवींद्रनाथांनी ‘वंदे मातरम्’ गायलं. मुंबईकरांना सयानींचं नाव फारसं ठाऊक नसतं, म्हणून ते ठळक येऊ द्या. रायगडावरचा शिवाजी उत्सव आणि कर्व्यांचा पुण्यातला अनाथ बालिकाश्रम हीदेखील १८९६ चीच कार्डं.

प्लेगच्या बाबतीत दोन सापळे आहेत. पहिला सालाचा. साथीच्या रोगांचा कायदा फेब्रुवारी १८९७ चा, हाफकिनने लस स्वतःला टोचून घेतली जानेवारी १८९७ मध्ये, रँडचा खून जून १८९७ चा, इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट १८९८ चा. सगळं प्लेगमुळेच घडलं, पण १८९६ मध्ये यातलं काहीच नव्हतं. ते ‘पुढे काय झालं’ अशा वेगळ्या रंगाच्या पट्टीवर ठेवा. १८९६ ला एवढंच: व्हिएगसांचं निदान, ऑक्टोबरात हाफकिनचं मुंबईत येणं आणि ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये काम सुरू करणं, आणि सक्तीने इस्पितळात नेण्याविरुद्ध आर्थर रोडच्या इस्पितळावर गिरणी कामगारांचा मोर्चा चालून जाणं.

दुसरा सापळा जास्त चोरटा आहे. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला होता, पण उंदरावरच्या पिसवांतून तो माणसात येतो हे सिमाँने मांडलं १८९८ मध्ये, आणि ते सर्वमान्य व्हायला आणखी बरीच वर्षं गेली. म्हणून १८९६ च्या फलकावर ‘पिसवांमुळे पसरणारा प्लेग’ लिहिलं की त्या वर्षीच्या माणसांचं वागणं समजेनासं होतं. चुना का फासला, गटारं समुद्राच्या पाण्याने का धुतली, घरांची कौलं काढून ऊन का आत सोडलं, हे सगळं ‘दूषित हवा आणि घाण’ या समजुतीतून आलं होतं. लोकसंख्येचंही तसंच. १८९६ हे जनगणनेचं वर्ष नव्हे. १८९१ ला मुंबईत ८,२१,७६४ माणसं होती, १९०१ ला ७,७६,००६. दोन्ही आकडे सालासकट द्या, मधलाच एखादा आकडा काढून देऊ नका.

जन्मांची यादी सगळ्यात सोपी आणि म्हणूनच सगळ्यात निरुपयोगी. जन्मलेल्या बाळाने त्या साली काहीच केलेलं नसतं. तेव्हा जन्म घ्यायचेच तर जोडीने घ्या, आणि पुढच्या आयुष्याची मुंबईशी गाठ असेल तरच. १८९६ मध्ये अशी एक विलक्षण जोडी आहे. १४ जानेवारीला महाडहून रायगडाकडे जाताना लागणाऱ्या नाते गावात चिंतामणराव देशमुख जन्मले, २९ फेब्रुवारीला वलसाडजवळच्या भदेलीत मोरारजी देसाई. दोघंही मुंबई इलाख्यातच जन्मलेले. साठ वर्षांनी, १९५६ मध्ये, मुंबई महाराष्ट्राला न देण्याच्या धोरणाविरुद्ध चिंतामणरावांनी केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडलं. त्या वेळी मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी होते आणि त्यांच्या सरकारच्या पोलिसांनी संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलकांवर गोळ्या झाडल्या होत्या. दोन पाळण्यांपासून हुतात्मा चौकापर्यंत एक रेघ ओढा, बाकी चाळीस वाढदिवस गाळले तरी कोणाला चुकल्यासारखं वाटणार नाही.

साहित्य कुठे शोधायचं? टाउन हॉलमधलं एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार, दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, विद्यापीठाचं ग्रंथालय. संस्थेच्या शिक्क्याचं पत्र आणि ओळखपत्र घेऊनच जा, आणि छायाचित्रं घेण्याची परवानगी आधी विचारून ठेवा. १९०९ साली तीन खंडांत निघालेलं मुंबई शहराचं गॅझेटियर आधी वाचा, मग वर्तमानपत्रं. पुराभिलेखागारात देशी वर्तमानपत्रांचे सरकारने दर आठवड्याला करून घेतलेले इंग्रजी गोषवारे मिळतात. मराठी, गुजराती, उर्दू पत्रं काय म्हणत होती हे त्यात एका जागी सापडतं, मात्र ते सरकारी भाषांतरकाराच्या चष्म्यातून आलेलं असतं हे विसरू नका. बातमी शोधताना घटनेच्या दिवसाचा अंक मागून थांबू नका. केसरी तेव्हा मंगळवारी निघणारं साप्ताहिक होतं, त्यामुळे २३ आणि २६ सप्टेंबरच्या घटनांसाठी २९ तारखेचा अंक आणि त्यापुढचेही एक-दोन पाहावे लागतात.

आता फलक. ए-वन आकार, म्हणजे ५९४ बाय ८४१ मिलिमीटर, उभा. एका फलकावर १२० ते १४० शब्द, जास्त नाहीत. मथळा १२० पॉइंटच्या आसपास, मजकूर ३६ ते ४० पॉइंट, चित्राखालची ओळ २४. चित्र छापून २० सेंटिमीटर रुंद हवं असेल तर स्कॅन किमान २४०० पिक्सेल रुंद लागतो. मोबाइलवर फिरत आलेलं चित्र सहसा त्याहून बरंच लहान असतं, आणि ते धूसर दिसणं संगणकाच्या पडद्यावर लक्षात येत नाही. ५ मिलिमीटर सनबोर्डवर (फोमच्या हलक्या पाटीवर) व्हिनाइल चिकटवून घ्या आणि लॅमिनेशन मॅट सांगा. चकचकीत घेतलं तर मंडपातल्या ट्यूबलाइटची रेघ नेमकी मजकुरावर येते. फ्लेक्स स्वस्त पडतो, पण बारीक अक्षर त्यावर फुटतं, त्याचा उपयोग प्रवेशद्वारापुरता.

छपाईवाल्याकडे मजकूर युनिकोडमध्ये देऊन घरी येऊ नका. अनेक ठिकाणी तो जुन्या फाँटमध्ये बदलला जातो आणि रफार पुढच्या अक्षरावर सरकतो, ‘पुण्याच्या’ नीट येतं पण ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं. ल, श आणि ५, ८, ९ हे आकडे हिंदी वळणाचे येतात, आणि १८९६ च्या प्रदर्शनात आठ आणि नऊ प्रत्येक फलकावर असतात. म्हणून मांडणी तुम्हीच करून अक्षरं वक्ररेषांत बदललेली पीडीएफ द्या, आणि बाराही फलक छापण्याआधी एका फलकाचा ए-थ्री नमुना कागदावर काढून मोठ्याने वाचा. वाचणारा माणूस लिहिणाऱ्यापेक्षा वेगळा हवा.

टांगताना फलकाचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर, शाळेत १२० ते १२५. डिस्टेंपरच्या भिंतीवर दुहेरी चिकटपट्टी रंगासकट सुटून येते, म्हणून वरच्या पट्टीला किंवा बांबूला नायलॉनच्या दोरीने दोन टोकांनी अडकवा. एका टोकाने अडकवलेला फलक पंख्याच्या वाऱ्याने फिरतो. पावसाळ्यात सनबोर्ड भिंतीला टेकवून उभा ठेवला तर दोन दिवसांत धनुष्यासारखा वाकतो. रात्री काढून सपाट, एकावर एक, मध्ये वर्तमानपत्राचा कागद घालून ठेवा. शेवटच्या फलकाशेजारी एक वही आणि दोरीने बांधलेलं पेन असू द्या. त्यात लोक ‘माझ्या पणजोबांच्या कागदात वेगळी तारीख आहे’ असं लिहून जातात. त्यातली प्रत्येक नोंद कार्डावर उतरवा, त्या घराचा कागद पाहायला मिळाला तर त्याचा स्कॅन घ्या, आणि कार्डांचा डबा वाचनालयाच्या कपाटात फलकांच्या आधी जागेवर लावा.